आधी अर्थिंग, मग हात

पोरा,

तुझा मेसेज वाचला. एवढा लांबलचक मजकूर, आणि खरं दुखणं शेवटच्या ओळीत: 'काका, मी या कामाला लायक नाही असं वाटायला लागलंय.' ठेकेदाराच्या मुकादमानं चार पोरांदेखत तुला घाबरट म्हटलं. तू एवढंच विचारलं होतंस, अर्थिंग टाकलंय का, म्हणजे बंद केलेली तार जमिनीला जोडून घेतलीय का. त्यावर तो म्हणाला, 'दिवसा दिव्याच्या तारेत करंट नसतो, आयटीआयत एवढंपण शिकवलं नाही का तुला?' पोरं हसली. तू खांबावर चढला नाहीस. दुसरा चढला, दिवा बदलून उतरला, त्याला काही झालं नाही. हे 'काही झालं नाही' तुला टोचतंय. आणि आता म्हणतोस, तलाठी भरतीची पुस्तकं आणू का, डिप्लोमाला जाऊ का, की महावितरणच्या जाहिरातीची वाट बघत घरी बसू?

तू हुशार आहेस, जिद्द सोडू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. ते सांगायला तुझी आई आहे, आणि मोबाईलवर रोज सकाळी सुविचार येतातच. मला त्या 'काही झालं नाही'बद्दल बोलायचंय.

पण आधी मुकादमाचं बघू. तो बोलला ते अर्धं खरं आहे. साफ खोटं असतं तर त्याला कोणी फसलं नसतं. आपल्याकडच्या जुन्या एलटी लाईनला, म्हणजे घरोघरी वीज नेणाऱ्या कमी दाबाच्या लाईनला, पाच तारा. आर, वाय, बी हे तीन फेज, एक न्यूट्रल, आणि पाचवी रस्त्यावरच्या दिव्यांची. खांब महावितरणचा, त्यावरचं ब्रॅकेट आणि दिवा नगरपरिषदेचा. दिवसा पाचवीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिचा आपोआप चालणारा स्विच, सुटलेला असतो, त्यामुळे तिच्यात काही नसतं. कबूल. पण तिच्यापासून हातभर अंतरावर तीन फेज चोवीस तास चालू असतात. मान वाकवून ब्रॅकेटचा बोल्ट आवळताना तुझं कोपर कुठं जातंय, खांद्यावरची पिशवी कुठं लोंबतेय, याकडे तुझं लक्ष नसतं. ज्या तारेवर काम करायचंय तिच्याकडे सगळे बघतात. शेजारचीकडे कोण बघतं?

आणि ती पाचवी तरी कुठं भरवशाची? टायमर बिघडतो. फोटोसेलच्या काचेवर पाखरू घाण करतं, त्याला वाटतं अंधार पडला, आणि भर दुपारी कॉन्टॅक्टर खाडकन बसतो. पलीकडच्या चौकात दुसरा कोणी दिवे तपासायला आला असेल तर तो फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेची स्विचची पेटी, उघडून सरळ मॅन्युअलवर टाकतो. त्याला काय माहीत तू या टोकाला खांबावर आहेस ते. साठ वॅटचा साधा बल्ब पाव अँपिअर घेतो. माणसाचं हृदय थरथरत ठेवायला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. आणि तेवढाही नको. नुसता चटका बसून हात सुटला तरी खाली डांबरी रस्ता आहे.

म्हणून माझं एक म्हणणं आहे, आणि या पत्रात ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: आधी अर्थिंग, मग हात.

अर्थिंग तुला पुस्तकात दोन मार्कांना होतं. खांबाखाली ते असं असतं. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी जायचं, फ्यूज काढायचे, आणि काढलेले किटकॅट, म्हणजे फ्यूजचे ठोकळे, तिथंच पत्र्यावर ठेवायचे नाहीत, स्वतःच्या पिशवीत टाकायचे. डीपी आपली नव्हे, महावितरणची. तेव्हा त्यांच्या जनमित्राला, म्हणजे लाईनमनला बोलवायचं, त्याच्या हातून बंद करून घ्यायचं, आणि तो 'केलं' म्हणाला तरी जाऊन बघायचं. एबी स्विच, म्हणजे लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, ओढला असेल तर मान वर करून तिन्ही पाती सुटलीत का ते बघ. दोन सुटतात, तिसरं गंजून चिकटलेलं राहतं, आणि खालचं हँडल मात्र पूर्ण खाली आलेलं असतं. हँडलला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. मग टेस्टर. तो आधी चालू ठिकाणी लावून बघायचा, मग लाईनला, मग परत चालू ठिकाणी. आतला निऑन दिवा मेलेला टेस्टर सगळ्या लाईनी बंदच दाखवतो. उन्हात तर चालू निऑनही दिसत नाही.

एवढं झाल्यावर अर्थिंगची चेन. जमीन ओली असेल तिथं खिळा ठोकायचा, कोरडी असेल तर बादलीभर पाणी ओतायचं. लोखंडी खांबाला अर्थिंगची तार आधीच जोडलेली असते, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. खालचा तुकडा कधीच भंगारवाल्याकडे गेलेला असतो. चेनचं एक टोक आधी खिळ्याला. मग इन्सुलेटेड काठीनं दुसरी टोकं एकेका तारेला: न्यूट्रल, आर, वाय, बी, आणि पाचवीसुद्धा. काढताना उलटं, आधी तारांवरून, शेवटी जमिनीवरून. हा क्रम कधी फिरवायचा नाही. तारेला आधी जोडलंस आणि ती जिवंत निघाली, तर जमिनीला जोडायचं टोक तुझ्या हातात असतं. काम दोन खांबांच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना चेन.

वीस मिनिटं जातात. हो, जातात. दिवा बदलायला पाच मिनिटं आणि चेनला वीस. ठेकेदाराचा हिशेब तिथंच बिघडतो आणि म्हणून मुकादम हसतो. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याला दिवसाला किती पॉइंट झाले ते लिहून द्यायचं असतं.

आता तू म्हणशील, एवढं सगळं बंद केल्यावर तारेत येणार कुठून? येतं रे. लग्नाच्या हॉलवाल्यानं जनरेटर आणलेला असतो आणि बाहेरची लाईन तोडून मगच जनरेटर जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचला पैसे कोण घालवणार म्हणून सरळ मीटरच्या बाजूला जोडलेला असतो. लाईट गेली की तो सुरू करतो, आणि वीज हॉलमधून उलटी खांबावर येते. एवढंच नाही, डीपीतून पलीकडेही जाते. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही. ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट तो करतो, तसाच ४३३ चे ११ केव्हीही करतो. म्हणजे गल्लीतला जनरेटर वरच्या एचटीवर, म्हणजे ११ केव्हीच्या जास्त दाबाच्या लाईनवर काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचतो. त्या माणसानं सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतलेली असते, रीतसर परमिट घेतलेलं असतं, आणि तो निर्धास्त असतो. शिवाय वादळात वरची एचटी तुटून एलटीवर पडते. शेजारून दुसरी लाईन समांतर गेली असेल तर नुसत्या इंडक्शननं बंद तारेत चटका बसण्याइतकं येतं. वळीव आणि मृगाच्या पहिल्या सरीत, उन्हानं तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पाणी पडलं की ते तडकतात, आणि मग कुठली वीज कुठून कुठं गळतेय याचा माग लागत नाही.

ठिणगी मी पाहिलेली आहे. आमच्या स्टँडमागच्या लाईनवर चेन लावत होतो. न्यूट्रल झाला, आर फेजला हुक टेकवला आणि 'चट्ट' झालं. निळसर. हातातली काठी हलली नाही, हात मात्र हलला. त्याच क्षणी तीन घरं पलीकडे एका जनरेटरचा आवाज दबला, गुरगुरला आणि बंद पडला. तिथं बारशाचा कार्यक्रम होता. यजमान बाहेर येऊन मलाच विचारायला लागला, आमचा जनरेटर का बंद पाडला. मी काय सांगणार? चेन गुंडाळली, त्याच्या घरी जाऊन जोडणी सोडवली, बर्फी खाल्ली आणि परत आलो.

पण पोरा, असली गोष्ट सांगून तुला पटवणं मला आवडत नाही. कारण ती अपवादाची आहे. नेहमीची गोष्ट वेगळीच असते, ती आता सांगतो.

विसर्जनाची मिरवणूक. तुला माहीत आहे त्या दिवशी आपल्या नगरपरिषदेच्या दिवाबत्ती खात्याचं काय होतं. रस्ता ओलांडणारी एलटी तार जमिनीपासून ५.८ मीटरवर असावी असा नियम आहे, म्हणजे साधारण एकोणीस फूट. मंडळं ट्रॉलीवर मूर्ती चढवतात आणि ती एकोणीस फुटांत मावत नाही, मग पोरं बांबूनं तार उचलतात. तशीच कुणीतरी उचलली आणि पेठेच्या वळणावर पाचवीचा जंप, म्हणजे खांबावर तारेला तार जोडणारा तुकडा, तुटला. सगळी गल्ली अंधारात, मागं चार मंडळं, ढोल थांबलेले. महावितरणचा लाईनमन माझा जुना दोस्त. त्यानं फ्यूज काढले आणि म्हणाला, 'बंद केलंय, चढ.' मी म्हटलं, चेन टाकतो. चेन गाडीत नव्हती. गाडी मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसासाठी मंडपवाल्याला दिलेली, चेन स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे तो त्याच्या मंडळापुढं लेझीम खेळत होता. त्याला शोधून, ऑफिसात पाठवून, चेन येईपर्यंत पाऊण तास गेला. पाऊण तास मी खांबाखाली उभा. नगरसेवक आला, त्यानं मला लाज काढून बोलून घेतलं. साहेबांचा फोन आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एका म्हाताऱ्यानं तेवढं पाणी आणून दिलं.

चेन आली. टाकली. ठिणगी नाही, काही नाही. लाईन खरोखर मेलेली होती. मी चढलो, जंप जोडला, उतरलो, दिवे लागले, मिरवणूक पुढं गेली. सकाळी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस.

मग सांग, मी चुकलो का? लोक म्हणाले चुकलो. दोस्त म्हणाला, 'तुझा माझ्यावर विश्वास नव्हता.' मी त्याला समजावलं की विश्वासाचा प्रश्नच नाही, तू माझा भाऊ असतास तरी मी चेन टाकली असती. त्याला ते पटलं नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती त्या वळणावर संपली. समोरून आला तर मान हलवायचा, बोलायचा नाही. निवृत्त झाला, गावी गेला, आणि गेल्या वर्षी वारल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याचं मला फार वाईट वाटतं. रात्री वाटतं. पण परत तसाच प्रसंग आला तर मी तेच करेन, आणि याचा अर्थ मी निष्ठुर आहे असा कोणी लावायचा असेल तर लावो.

तुझ्या त्या 'काही झालं नाही'चं उत्तर यात आहे. शंभरातल्या बहुतेक वेळा काही होतच नाही. चेन टाकलीस तरी नाही, न टाकलीस तरी नाही. म्हणून चेन टाकणारा कायम मूर्ख दिसतो आणि न टाकणारा कायम धाडसी. या कामात बरोबर वागल्याचा पुरावा कधी मिळत नाही. तो मागू नकोस. ज्याला पुरावा लागतो त्यानं खरंच तलाठी व्हावं, तिथं निदान सातबारा तरी हातात येतो.

नोटीशीला मी उत्तर दिलं, त्याची प्रत अजून आहे माझ्याकडे. भारतीय विद्युत नियम, १९५६, नियम ३६. तारेला हात लावण्याआधी अर्थिंग करून किंवा दुसऱ्या योग्य उपायानं ती डिस्चार्ज करायची, धोका असेल तर शेजारची तारही, आणि काम चालू असताना ती चुकून चालू होणार नाही याची तजवीज करायची. शेजारचीसुद्धा, हं! सत्तर वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला आपल्या पाचव्या तारेचं दुखणं कळलं होतं. त्याच नियमात पुढं आहे की हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, हेल्मेट, टेस्टर आणि अर्थिंगची साधनं कामगाराला पुरवायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१० मध्ये नवे नियम आणले, २०२३ मध्ये परत नवे आणले. हे कलम कोणी काढलं नाही. माझ्या उत्तराला पुढं काही जबाब आला नाही. नोटीस मागंही घेतली नाही, पुढंही नेली नाही. वरच्या पदाची यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं एवढंच. त्याचा संबंध याच्याशी होता की नव्हता, देव जाणे. बायको म्हणते होता. मी म्हणतो, असला तर असू दे. मी दोन्ही पायांवर निवृत्त झालो, माझ्या हाताखालचा प्रत्येक पोरगा दोन्ही हातांनी जेवतोय. ही माझी बढती. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतोय असं तुला वाटेल. वाटू दे.

आता तुझ्या प्रश्नांकडे येतो, त्यांना फार वेळ लागणार नाही.

तारतंत्रीची दोन वर्षं तू केलीस, राष्ट्रीय प्रमाणपत्र येईल. ते पुरेसं नाही. शिकाऊ उमेदवारी कर, कुठंही मिळू दे, महावितरणमध्ये, कारखान्यात, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर. पंपहाऊस मिळालं तर उडी मार. तिथं ११ केव्हीचं स्वतःचं कनेक्शन असतं, ट्रान्सफॉर्मर असतो, मोठ्या मोटारी आणि स्टार्टर असतात. एका जागी सगळं शिकायला मिळतं. आणि शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना काढ. हे मी तुला मागच्या दिवाळीतही सांगितलं होतं. काढलास? नाही काढलास. वैताग येतो मला. पोरं दीड हजारांचा बूट घेतात आणि परवान्याच्या अर्जाला फी जाते म्हणतात. परवाना म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद नव्हे. मुकादम 'चढ' म्हणाला तर 'नाही' म्हणायला पाठीशी काहीतरी लागतं, ते हे. पुढं अनुभव झाला की पर्यवेक्षकाचा परवाना. तो मी काढला नाही, कायम उद्यावर ढकलला, त्याची हळहळ आहे. तू ढकलू नकोस.

महावितरणची जाहिरात आली की फॉर्म भर. पद विद्युत सहायकाचं, आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर, मग तंत्रज्ञ. दहावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा आयटीआय एवढं त्यांना लागतं, ते तुझ्याकडे आहे. पोरीही भरतात, निवडून येतात, खांबावर चढतात. तेव्हा 'मला जमेल का' हे रडगाणं पुरे. पण जाहिरातीची वाट बघत ओट्यावर बसू नकोस. ती कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. मुंबईला बेस्टमध्ये संधी निघाली तर तीही बघ. १९४७ पासून ती महापालिकेची आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतची वीज तिची, आणि तिथं काम खांबांपेक्षा जमिनीखालच्या केबलचं. तू म्हणशील, मग तिथं तरी चेनची कटकट नाही. आहे! केबल बंद केली तरी तिच्यात चार्ज साठून राहतो, डिस्चार्ज केल्याशिवाय तिला हात लावलास तर बंद केबलच फेकून देईल. कुठंही जा, आधी अर्थिंग, मग हात.

डिप्लोमाला जायचंय तर जा. आयटीआयवाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझी ना नाही. फक्त भीतीपोटी जाऊ नकोस. उद्या इंजिनिअर होऊन खांबाखाली उभा राहशील आणि वरच्या पोरानं 'साहेब, चेन?' विचारल्यावर घड्याळ बघशील, तर मग तू आणि तो मुकादम यांत पगाराचाच काय तो फरक.

राहता राहिला हा ठेकेदार. त्याच्याकडे काम करायचंच असेल तर तीन गोष्टी लेखी माग. पहिली, लाईनवर काम करायला अधिकृत केलेल्या माणसांच्या यादीत तुझं नाव आहे का. अशी यादी ठेवावी लागते, तोंडी चालत नाही. दुसरी, साधनं, आणि त्यात चेन आणि काठी धरून. ॲल्युमिनियमची शिडी दिली तर परत कर, फायबरची नाहीतर बांबूची माग. तिसरी, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी. ठेकेदाराचा माणूस म्हणून तू वाऱ्यावर नाहीस. कामगाराला नुकसानभरपाई १९२३ पासून कायद्यानं मिळते, आणि ठेकेदारानं हात वर केले तर ज्याचं काम आहे त्यालाही धरता येतं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं रस्त्यावरची दिवाबत्ती हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. ठेकेदाराला दिल्यानं ते तिच्या अंगावरून उतरत नाही. तिन्ही गोष्टींना तो नाही म्हणाला तर सोड. दुसऱ्या दिवशी सोड. महिनाअखेर बघू, असं करू नकोस.

कारण नाहीतर तू झिरो वायरमन होशील. हा शब्द तुला माहीत आहे. कुठल्याच हजेरीपुस्तकात नसलेला पोरगा, पक्क्या माणसाच्या जागी चढणारा, संध्याकाळी दोनशे-तीनशे हातात घेऊन घरी जाणारा. अशा पोराला मी ओळखत होतो. आमच्या शेजारच्या गावचा. फार चपळ, शिडीशिवाय चढायचा, लोक बघत उभे राहायचे. तो गेला तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. पंचनाम्यात त्याचा उल्लेख 'एक अनोळखी इसम विनापरवानगी खांबावर चढला' असा आला. ज्या गावानं त्याला रोज हाक मारून खांबावर चढवलं त्याच गावात अनोळखी! त्याच्या आईला एक छदाम मिळाला नाही, कारण कागदावर तो तिथं नव्हताच. तुझ्या मुकादमानं तुझं नाव कुठल्या कागदावर लिहिलंय, ते उद्या विचार.

आणखी एक. धक्का लागलेल्या माणसाला ओढायचं कसं आणि छाती दाबायची कशी हे शिकून घे. सबस्टेशनात भिंतीवर तक्ता लावलेला असतो, त्याच्यावर धूळ असते. नुसता तक्ता वाचून येत नाही, कोणाकडून तरी करून शिक. दवाखान्यातली ती तुझी मावसबहीण दाखवेल. आधी वीज तोडायची, मग माणसाला हात. हाही तोच क्रम आहे बघ.

तू घाबरट आहेस का, हे विचारलंस. मला माहीत नाही. असशीलही. मीही असेन. खांबाखाली उभा राहून मला कधी पोटात गोळा आला नाही असं एकदाही झालं नाही, फक्त मी तो कोणाला सांगत नसे. भीती गेली पाहिजे हे कोणी ठरवलं? चेन टाकल्यावर जी उरते ती भीती सेफ्टी बेल्टसारखी कमरेला असू दे, तिचा त्रास नाही. न टाकता जी जाते ती दारूनं जाते किंवा मुकादमाच्या शिवीनं, आणि दोन्ही उतरतात.

चिडून लिहिलंय खरं. तुझ्यावर नाही चिडलो. तू खाली उभा राहिलास हे वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो, एवढं बरं वाटलं. पण मग पुढं 'लायक नाही' वाचलं आणि डोकं फिरलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये. आयटीआयची दोन्ही वर्षांची मार्कशीट, आधारची झेरॉक्स आणि फोटो आण. परवान्याचा अर्ज माझ्यासमोर भरायचा, 'नंतर भरतो' चालणार नाही. ठेकेदाराला द्यायचा अर्जही तिथंच लिहू. मसुदा मी सांगतो, अक्षर आणि सही तुझी, आणि त्याची पोच घ्यायला विसरायचं नाही. काकूनं शेंगोळी करायचं ठरवलंय, तेव्हा जेवूनच जा. आईला सांगून ये, नाहीतर ती उगाच वाट बघत बसेल.

तुझा,
काका